विदरॉल स्ट्रीट

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या विदरॉल स्ट्रीटवर मुलाने घर घेतलं, तेव्हापासून बँक, डॉक्टर, पेन्शन ऑफिस, सगळीकडे नवा पत्ता कळवता कळवता सुखदेवराव मेटाकुटीला आले होते. आणि आज नात अर्ज घेऊन उभी, रस्त्याचं नावच बदला म्हणून.

"आजोबा, हा विदरॉल इथे दुकान टाकून बसलेला ट्रेडर होता. ब्लँकेट आणि रम देऊन त्याने माओरींची लँड घेतली. मग पार्लमेंटमध्ये गेला आणि ती लँड लीगल करणारा कायदा पण त्यानेच केला. प्लीज साइन करा ना."

"दीडशे वर्षं झाली गं त्याला," सुखदेवराव कंटाळून म्हणाले. "नुसतं नाव बदलून कोणाला काय मिळतं? मला मात्र पुन्हा सगळीकडे पत्ता बदलत फिरावं लागेल."

कागद टेबलावर तसाच ठेवून आरुषी सायकल काढून शाळेला गेली.

चहा निवला. सुखदेवरावांनी चष्मा चढवला आणि अर्ज जवळ ओढला.

पहिलंच वाक्य होतं: 'माझे आजोबा एका विद्यापीठाच्या नावासाठी सतरा दिवस तुरुंगात होते.'