काळजातला फुगा

मायाच्या बाजेभोवती पाच बाया बसल्या होत्या. दोघी शेजारच्या, दोघी भावकीतल्या आणि एक बांगड्या विकायला आलेली. मायाच्या काळजात फुगा आहे, हे पाचीजणींना ठाऊक होतं. सासूनं, दगडाबाईनं, ते गावभर सांगितलं होतं. चुलीजवळ जाऊ नको, गरमीनं फुगा वाढतो, असं एकीनं बजावलं. दुसरीनं हसायलाच बंदी घातली. बांगडीवालीनं मायाच्या पदराची टाचणी काढून स्वतःच्या पदराला लावली.

"फुगा काढलाय वो," माया म्हणाली. "जांघेतल्या शिरेतून आत नेला, चिकटलेली झडप उघडली अन् परत काढला."

"मग टाके दाव की," भावकीतली भामाबाई म्हणाली.

टाके नव्हते. पुण्याच्या डॉक्टरांनी छाती उघडलीच नव्हती. एक बारीक भोक होतं, तेही चारचौघींत दाखवण्याच्या जागी नव्हतं. मायानं भिंतीकडे तोंड केलं.

शहाण्णवच्या दसऱ्याला मुकादम कोयता ठरवायला आला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीला एकट्याला नेत नाहीत. मायाचा नवरा समाधान मान खाली घालून बसला. पडून पडून विटलेली माया आतून म्हणाली, "मी येते. मला काय बी झालं न्हाई."

"मोळी उचलताना फुगा फुटला तर तुमी जिम्मेदार का, मुकादम?" दगडाबाईनं विचारलं.

मुकादमानं चहा अर्धा ठेवला आणि तो उठला. समाधान तेलगावला कापसाच्या जिनिंगवर हमालीला लागला.

दिवाळीनंतर तपासणी होती. माया सासूला ओढतच तेलगावच्या दवाखान्यात घेऊन गेली.

"डॉक्टरीणबाई, ह्यांना एकदाचं सांगा. मला भाकर बी थापू देईनात."

डॉक्टर प्रणितांनी सुस्कारा सोडला. दगडाबाईला त्या हे तिसऱ्यांदा सांगत होत्या. "आजी, फुगा त्याच दिवशी बाहेर काढला. पुण्यातही सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलंतं की. दाखवला बी होता. पिवळा, लांबुळका."

माया सासूकडे बघतच राहिली. "मग कावून सांगत फिरता, आत्या?"

"जड काम नको म्हनलं, की मुकादम म्हनतो, हळूहळू करू द्या. अन् तू तर लगीच निघालती. फुगा म्हनलं की उठून जातो त्यो."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. त्यांनी मायाची छाती ऐकली. घोट्यावर अंगठा दाबून पाहिला; खड्डा पडला नाही, सूज नव्हती. मग तिला वजनकाट्यावर उभं केलं. पुण्याला जाताना तिचं वजन चौतीस किलो होतं.

काटा साडेएकोणचाळीसवर थांबला.