रोजची पुडी

"मामा, नीट आठवा. घरी हिला आणखी काय देत होता?" डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

लिंबाजी वैतागला. परभणीच्या या दवाखान्यात सकाळपासून तेच तेच चाललं होतं. पलंगावर कोकिळा, त्याची बायको, डोळे मिटून पडली होती. पंधरा दिवसांपासून तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, तरी तहान तहान करायची. परवा तर तिला पोटच्या लेकीचं नाव आठवेना. तेव्हा मात्र लिंबाजीचं धाबं दणाणलं.

"दुसरं काय देणार, बाई? दूध. अन् ती हाडाची पुडी, व्हिटॅमिन डीची."

"कशी देत होता?"

"रोज एक," लिंबाजी ताठ मानेनं म्हणाला. "पोळ्यापासून एकबी दिस चुकवला न्हाई."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "अहो, ती आठवड्याला एक घ्यायची असते! कुणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. पालमच्या डॉक्टरांनी चांगलं बजावलं होतं, तेही त्याला एकट्याला. कोकिळा कंबर धरून बाहेर बाकावर बसली होती. पण दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघणार. टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकट्या गड्याला कोण नेतो? आठवड्याला एक पुडी म्हणजे तिची कंबर बरी व्हायला संक्रांतच उजाडली असती. मग लिंबाजीनं आपलं डोकं चालवलं. मेडिकलमधून पुड्या आणल्या आणि घरी ठोकून दिलं, "डाक्टरनं रोज घ्यायला सांगितलंय." तिनं चुकवू नये म्हणून सकाळी स्वतःच दुधात कालवून पेला तिच्या हातात द्यायचा. शेतात खत टाकताना माप बघणारा माणूस, इथं मात्र अक्कल गहाण टाकून बसला.

"जास्तीचं हे औषध लघवीवाटे निघून जात नाही, मामा. अंगातल्या चरबीत साठतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं. हाडं राहिली बाजूला, हिच्या किडन्यांना इजा झालीय. साठलेलं उतरायला महिने लागतील. किडन्या किती सावरतील, ते मी आज सांगू शकत नाही."

एवढं बोलून बाई पुढच्या पलंगाकडे गेल्या. लिंबाजी तिथंच उभा राहिला. त्याला स्वतःची चीड आली, लाजही वाटली. कोयत्यापायी बायकोच्या जिवाशी खेळलो, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? पण सांगितल्यावाचून राहवेना.

"कोकिळे, माझं चुकलं. ती पुडी रोजची नव्हती. म्या खोटं बोललो."

कोकिळानं डोळे उघडले. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "ठावं हाय मला. शेजारच्या तानुबाईलाबी तीच पुडी हाय. ती ऐतवारच्या ऐतवार घेती."

"मंग बोलली का न्हाईस?"

कोकिळानं त्याच्याकडे मान वळवली.

"वीस वर्सांत पयल्यांदा तुमी सोताच्या हातानं मला दूध द्यायलाव," ती म्हणाली. "म्हनलं, बोलले तर बंद करताल."