काचपंखी

तपासणीला आलेल्या बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि मधवाली एक पाऊल पुढे सरकली.

पतंग खडकाशेजारी गवताच्या काडीवर बसला होता. अगदी ठरल्या जागी. म्हणजे दिराने जन्मात पहिल्यांदा वेळेवर काम केलं होतं. स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचलेला माणूस!

या कुरणात हा दुर्मिळ काचपंखी पतंग राहतो हे आज ठरलं, तर दगडखाण होणार नव्हती. नाहीतर सुरुंग लागणार, आणि तिच्या मधपेट्यांचं मातेरं. हंगामभर शोधूनही काचपंखी कुणाला दिसला नव्हता. शेवटी तिने लांबच्या डोंगरातून गुपचूप कोष मागवला. सकाळी बुटांच्या खोक्यात पतंग बाहेर आला.

"भाऊजी, वरच्या वाटेने पुढे जा," तिने बजावलं होतं. "खडकापाशी सोडा, आणि गप्पा मारत बसू नका."

"पंख धुळीने माखल्यासारखे दिसतायत," बाई म्हणाल्या. "काचेसारखे हवेत."

"मग हा तो नाहीच," खाणीचा मुकादम खूश झाला.

"तोच आहे. ही भुकटी पहिल्यांदा उडताना झडते. हा अजून उडालेलाच नाही."

मधवालीला बुटांचं खोकं आठवलं. खोक्यात उडणार कुठे बिचारा? एवढी अक्कल चालवली आणि नेमकं हेच सुचलं नाही.

"मग कुणीतरी आणून ठेवलाय," मुकादम तिच्याकडे बघत म्हणाला.

बाईंनीही तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही आणलात?"

"नाही." तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

बाई गुडघ्यांवर बसल्या. गवत बाजूला करत बराच वेळ माती चाचपत राहिल्या. मग चिमट्यात एक रिकामं टरफल वर आलं, मातीने लडबडलेलं.

"कोष इथलाच," त्या म्हणाल्या. "हा आज इथेच जन्मलाय. खाण विसरा."

मुकादम पाय आपटत निघून गेला. बाईही गाडीकडे उतरल्या. मधवाली खडकावर टेकली. रिकामं टरफलसुद्धा पुरायचं सुचलं भाऊजींना! उगाच त्यांना आयुष्यभर वेंधळा म्हणत आले. घरी गेल्यावर त्यांची माफी मागायची, असं तिने ठरवून टाकलं.

तेवढ्यात वरच्या वाटेने दीर धापा टाकत आला.

"वहिनी, रागावू नका. वाटेत गाडी पंक्चर झाली."

त्याच्या काखेत बुटांचं खोकं होतं. वरची सुतळी तशीच बांधलेली होती आणि आत काहीतरी फडफडत होतं.