रंगनाथरावांचं लिमिट

कावळा काही शिवेना.

रामकुंडावर दहाव्याला आलेली इतर मंडळी पिंड ठेवून हात जोडतात न जोडतात तोच कावळे झडप घालत होते. रंगनाथरावांच्या पिंडाकडे मात्र एकही फिरकत नव्हता. एक तेवढा समोरच्या कठड्यावर येऊन बसला होता. पिंडाकडे बघायचा आणि मान फिरवायचा, रुसलेल्या जावयासारखा.

"मनात काहीतरी राहिलंय त्यांच्या," गुरुजी म्हणाले. "काय असेल ते बोला. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववतो. मागे लोक खोळंबलेत."

दर्भाचा कावळा म्हणताच सिंधुबाईंनी थांबा म्हणून गुरुजींना हात जोडले. म्हणजे नवऱ्याचा जीव असाच अडकून राहणार. उभा जन्म तळमळण्यात गेला, मेल्यावर तरी सुटायला नको का माणूस?

थोरले दीर सावळीराम गावाहून आले होते. ते पुढे झाले. "रंगा, पोराला मी उघड्यावर नाय पडू देणार. लय वाट बघायला लावू नको बाबा. जा आता." कावळा जागचा हलला नाही.

तिढा कुठे आहे ते सिंधुबाईंना पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी टाय लावलेला एक मुलगा अंबडला, रंगनाथराव कामाला होते त्या कारखान्याच्या गेटवर आला आणि एक क्रेडिट कार्ड त्यांच्या गळ्यात मारून गेला. तेव्हापासून न मागता दरवर्षी त्याचं लिमिट वाढायचं. बँकेचं इंग्रजी पत्र मुलगा, संतोष वाचून दाखवायचा आणि रंगनाथराव पेढे आणायचे. "बघ, बँकेला माझी किंमत कळते. घरातल्यांनाच नाही." अहो, उधारी ती उधारी, तिचे कसले पेढे? सिंधुबाई कानीकपाळी ओरडायच्या. पण हा माणूस ऐकेल तर शपथ!

मग मंदी आली आणि बँका धास्तावल्या. महिन्यापूर्वी पुतणीच्या, दीपमालाच्या लग्नाचा बस्ता होता. मेन रोडच्या दुकानात दोन्हीकडची मंडळी गाद्यांवर बसलेली. रंगनाथराव ऐटीत म्हणाले, "दादा, आजचं सगळं माझ्याकडे." आणि कार्ड चालेना. दुसऱ्यांदा घासलं, तरी नाही. दुकानदारानं फोन लावून चौकशी केली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "काका, बँकेनं तुमचं लिमिट कमी केलंय." सावळीरामांनी मुकाट्यानं द्राक्षं विकून आलेले पैसे काढून दिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रंगनाथरावांनी हाय खाल्ली. "माझी पत गेली गं," एवढंच घोकायचे. महिना भरायच्या आत छातीत कळ आली आणि खेळ आटोपला.

गळ्यातलं आता घालायचं नव्हतंच. ते मोडून सिंधुबाईंनी संतोषला बँकेत पाठवलं आणि कार्डाची पै न् पै भरून टाकली. कोण भरतंय, का भरतंय, तिथे कुणी विचारलंही नाही.

त्या पिंडापुढे वाकल्या. "अहो, सगळं फेडलं हो. तुमच्या नावावर आता कुणाचं काही नाही. मोकळ्या मनानं जा."

कावळ्यानं चक्क पाठ फिरवली. गुरुजी दर्भाला गाठ मारू लागले.

तेवढ्यात सिंधुबाईंच्या पिशवीत रंगनाथरावांचा मोबाइल वाजला.

"रंगनाथ सर आहेत का?" पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. "मॅडम, अभिनंदन! सरांनी पूर्ण पेमेंट केलंय ना, म्हणून बँक त्यांचं लिमिट परत देतेय. आणि तेही आधीच्या दुप्पट! फक्त सरांनी स्वतः एकदा 'हो' म्हणायला हवं."

सिंधुबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्यांनो, आता सुचलं? एक महिना आधी काय धाड भरली होती? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण फोनमधला आवाज शेजारी उभ्या असलेल्या संतोषलाही ऐकू गेला होता. ओल्या पंचानिशी, नुकत्याच भादरलेल्या डोक्यानं तो पुढे झाला आणि त्यानं फोन काढून घेतला.

"हो. मी रंगनाथच बोलतोय," तो म्हणाला. "वाढवा."

सिंधुबाईंचे डोळे भरून आले. पोरगं बापासाठी खोटं बोललं होतं, तेही गोदामाईच्या काठावर. आपल्याला जे सुचलं नाही ते त्याला सुचलं.

संतोष पिंडापाशी वाकला. "बाबा, लिमिट वाढलं. दुप्पट झालं."

कावळा उडाला तो थेट पिंडावर.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. सावळीराम लहान मुलासारखे रडू लागले. "मानाचा भुकेला व्हता गं माझा भाऊ. दुसरं काय नाय." गुरुजींनी अर्धवट वळलेला दर्भ बाजूला टाकला. सिंधुबाईंनी कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. सुटला बाई एकदाचा! आता घरी गेल्यावर पहिलं काम, कात्री घ्यायची आणि त्या कार्डाचे तुकडे करायचे. ती ब्याद पुन्हा डोळ्यांपुढे नको.

घाटाच्या पायऱ्या चढताना संतोषनं त्यांचा हात धरला. किती जपतंय पोर, त्यांना वाटलं.

तो कानाशी वाकून हळूच म्हणाला, "आई, बाबांचं कार्ड तुझ्याकडेच आहे ना? ते माझ्याकडे दे. आणि बाबा गेल्याचं बँकेत एवढ्यात कुणाला कळू देऊ नकोस."