मूळ किमतीत काय काय येतं

"हा नळ मूळ किमतीत येत नाही," सेल्समन म्हणाला. "नळ येतो. पण हा नाही."

नवऱ्याने नळावरचा हात काढून घेतला. त्याआधी बेडरूममधल्या कपाटावरून आणि बाथरूममधल्या आरशावरूनही त्याने असाच हात काढून घेतला होता. सॅम्पल फ्लॅटमध्ये जे जे आवडावं, ते नेमकं अपग्रेड निघत होतं. मग मूळ किमतीत येतं तरी काय, असं बायकोने विचारलं, तेव्हा सेल्समनने हसून भिंतींवरून हात फिरवला. त्यांच्यावरचा रंग मात्र वेगळा, हे त्याने मागाहून सांगितलं.

बाहेरच्या फलकावर किमतीचा आकडा रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढा मोठा होता. त्याला चिकटलेली 'अटी लागू'ची चांदणी मुंगीएवढी होती.

येताना बसमध्येच दोघांचं पक्कं ठरलं होतं. मूळ किंमत द्यायची, वर एक पैसा नाही. वरचे पैसे होते, पण ते बायकोच्या मशीनचे होते. ती कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवायची. नुसत्या कॉलर, अख्खा शर्ट कधी तिच्या हाताखालून गेला नव्हता. घरी स्वतःचं भारी मशीन घ्यायचं आणि कारखान्याला रामराम ठोकायचा, याची ती लग्नाआधीपासून वाट बघत होती. आल्या आल्या तिने पर्समधली टेप काढून खिडकीखालचा कोपरा मोजला होता. मशीन तिथे अगदी बरोबर बसत होतं.

"अहो, घर विकताय की नुसत्या भिंती?"

स्वयंपाकघराच्या दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, कपाळाला आठ्या. मुलासाठी घर बघायला आल्या होत्या. मुलगा कामावर, सून बाळंतीण, मग पायपीट कोणी करायची, असं त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. बायको लगेच त्यांना मावशी म्हणू लागली. बाकीच्यांच्या बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या होत्या, मावशींच्या पायात मात्र मऊ सपाता होत्या. गुडघे धरतात म्हणे.

मावशींनी सेल्समनला फैलावर घेतलं. ओट्याचा दगड वेगळा? ड्रॉवर वेगळे? फ्रिजच्या मागे हात घालून त्यांनी खटकन बटण दाबलं, कपाटांखालचे दिवे लागले, आणि हेही वेगळे का, असं त्यांनी विचारलं. सेल्समनने मान खाली घातली. माणसाला उजेड लागतो, पाणी लागतं, कपडे टांगायला खुंटी लागते, हे या लोकांना काय माहीत नसतं? चांगलं माहीत असतं. म्हणून तर ते वेगळं विकायचं.

नवऱ्याला बरं वाटत होतं. तो दवाखान्यात एक्स-रे काढायचा. "श्वास रोखा" आणि "सोडा" यापलीकडे कोणाला काही सुनवायची त्याला सवय नव्हती. पण मावशींचं ऐकून त्याचेही कान तापले.

"तुम्ही लोकांना मूर्ख समजता," तो सेल्समनला म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तो स्वतःच दचकला.

तेवढ्यात शिपाईबाई चहा घेऊन आली. ट्रे तिने ओट्यावर ठेवला आणि त्यातला बिनसाखरेचा कप उचलून मावशींच्या हातात दिला. मावशी फुंकर मारता मारता बोलतच होत्या. आता आपण फाटकाबाहेर उभ्या राहणार आणि येणाऱ्या प्रत्येकाला हा कारभार सांगणार, असं त्यांनी बजावलं.

सेल्समनचा चेहरा पडला. साहेबांशी बोलतो म्हणून तो फोन घेऊन बाहेर गेला आणि चहा निवायच्या आत परत आला. साहेबांनी मावशींपुढे हात टेकले होते. अपग्रेडचं सगळं पॅकेज अर्ध्या किमतीत. फक्त आज, फक्त इथे हजर असलेल्यांना.

"पण आम्हाला साधंच घ्यायचं होतं, मावशी," बायको हळूच म्हणाली. "ते पैसे माझ्या मशीनचे आहेत."

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मशीन काय, पुढच्या वर्षीही मिळेल गं. यांच्या घशातून काढलेले पैसे पुन्हा मिळायचे नाहीत. मी नाही का घेत? संध्याकाळी लेक आला की सही करून टाकेल."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीखालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कोणा बड्या माणसाला नमवलं होतं आणि त्याची नशा दोघांनाही चढली होती. तिने मान हलवली. सह्या झाल्या, चेक फाडला गेला. मावशींनी दोघांच्या गालांवरून हात फिरवला.

नवरा बसस्टॉपपर्यंत छाती काढून चालला. आपण काय बोललो, ते त्याने वाटेत पुन्हा पुन्हा ऐकवलं. बायको हसत होती. पुढच्या वर्षी नक्की, ती स्वतःला सांगत होती. बस दिसली आणि तिला आठवलं, टेप खिडकीतच राहिली. उद्या कारखान्यात लागणार होती. नवऱ्याला थांबायला सांगून ती मागे पळाली.

दार उघडंच होतं. दिवाणखान्यात एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून, भिंतींकडे बघत अवघडून उभे होते. बायकोने खिडकीतली टेप उचलली.

"अहो, घर विकताय की नुसत्या भिंती?" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मीसुद्धा घरच बघायला आलेय हो, माझ्या मुलीसाठी. जावई फिरतीवर असतो, मग पायपीट कोणी करायची?"