एक घास तरी

घोडीने सकाळपासून खुराकाला तोंड लावलं नव्हतं. शर्यत उद्यावर आलेली, त्यामुळे बाबांचा जीव टांगणीला लागला होता. जनावरांचे डॉक्टर येऊन तपासून गेले. बाबांनी स्वतःच्या हाताने गाजर भरवून पाहिलं, मानेवरून हात फिरवला, "खा गं माझी राणी, एक घास तरी," म्हणून विनवलं. घोडीने तोंड फिरवलं.

उद्या तिच्यावर स्वार होणारी त्यांची लेक वजनकाट्यावरून उतरून तबेल्याच्या दाराशी आली.

"किती भरलं?" बाबांनी वळूनही न पाहता विचारलं.

"अजून अर्धा किलो जास्त आहे. कालपासून नुसत्या पाण्यावर आहे, बाबा."

"मग आता पाणीही बंद," बाबा म्हणाले आणि घोडीसाठी दुसरं गाजर सोलायला बसले.