मास्तरांचं उत्तर

छापखान्यात सकाळपासून कागद मशीनमध्ये चुरगळत होता. दोन महिन्यांपूर्वीच कामाला लागलेली मुलगी म्हणाली, "सर, गोदामातला गार कागद थेट मशीनला लावू नका. एक दिवस इथल्या हवेत राहू द्या."

"कालची पोरगी तू!" सुपरवायझर हसले. "हे काम जाणकाराचं." त्यांनी निवृत्त मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणाले, "बघून सांगतो."

डबा खाताना तिचा फोन वाजला. कॉलेजातला मित्र होता. "अगं, माझे मामा छपाईतले मोठे मास्तर. त्यांना कुणीतरी विचारलंय, कागद का चुरगळतो म्हणून. आणि 'माहीत नाही' म्हणायची त्यांना सवय नाही. तुला काही सुचतंय?"

तिने सकाळचंच वाक्य पुन्हा सांगितलं.

तासाभरात सुपरवायझर धावत आले. "मास्तरांनी बसल्या जागी सांगितलं! गार कागद एक दिवस हवेत ठेवायचा. याला म्हणतात अनुभव. लिहून घे."

तिने लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात कटिंग मशीन अडलं. बिघाड काय आहे ते तिच्या लगेच लक्षात आलं, पण ती अवाक्षर बोलली नाही. मोबाईल तेवढा चार्जिंगला लावून ठेवला.